बार झाला नाही : दोष काडतुसाचा की पिस्तुलाचा?

बत्तीस बोअरच्या पिस्तुलाचा ट्रिगर ओढल्यावर नुसताच ‘खट्’ आवाज आला आणि बार झाला नाही, तर परवानाधारकापुढे दोन मार्ग असतात : काडतुसे बदलून पाहायची, किंवा पिस्तूल दुरुस्तीला न्यायचे. परवान्यावर काडतुसांच्या खरेदीची मर्यादा घातलेली असल्यामुळे ती चाचणीत खर्च करण्याऐवजी थेट कारागीर गाठण्याकडे आपल्याकडील बहुतेकांचा कल असतो. माझे मत मात्र असे आहे, की न उडालेल्या काडतुसाचा बुडखा नीट पाहिल्याशिवाय यांपैकी कोणताही मार्ग धरू नये.

त्याआधी सुरक्षिततेचे. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान 30 सेकंद तसेच थांबावे, कारण काही वेळा दारू उशिराने पेट घेते. आवाज झाला पण तो फुसका वाटला, तर पुढची गोळी मुळीच झाडू नये. आधीची गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी सुटली तर नळी फुटू शकते.

आता बुडख्यावरील प्राइमर, म्हणजे आघाताने पेटून दारू पेटवणारी छोटी टोपी, उजेडात, शक्यतो भिंगाखाली पाहावा. खोलगट आणि मधोमध ठसा उमटूनही काडतूस उडाले नसेल, तर प्राइमरवर आदळणाऱ्या पिनने (फायरिंग पिनने) आपले काम केलेले आहे आणि संशय काडतुसावर जातो : प्राइमरमध्ये ओल किंवा तेल शिरले असेल, किंवा माल जुना असेल. ठसा उथळ असेल तर संशय पिस्तुलाकडे वळतो. स्प्रिंग सैल पडलेली असणे, पिनचे टोक झिजलेले असणे, पिनच्या मार्गात घट्ट झालेले तेल साचणे, किंवा स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) पूर्ण न मिटल्यामुळे आघाताचा काही जोर ती मिटवण्यातच खर्ची पडणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. ठसाच नसेल, तर बहुधा पिन मोडलेली आहे, अथवा मॅगझिन (काडतुसांची पेटी) नीट न बसल्याने काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, गेलेलेच नाही.

उथळ ठशातही एक फसवी शक्यता राहते. प्राइमर आपल्या खाचेत किंचित वर राहिलेला असेल, तर पहिल्या आघाताने तो केवळ खाली बसतो आणि दुसऱ्या आघाताने उडतो. म्हणून ‘दुसऱ्यांदा उडाले’ एवढ्यावरून निकाल देता येत नाही. वेगळ्या लॉटची, म्हणजे वेगळ्या खेपेत बनलेली, काडतुसे अधिकृत रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) झाडूनच हा प्रश्न सुटतो, आणि माझ्या दृष्टीने मर्यादेतील काही काडतुसे इथे खर्च करणे सार्थ आहे.

दोन उदाहरणे मी जवळून पाहिली आहेत. वसमतकडच्या एका हळद उत्पादकाने निवडणुकीच्या आचारसंहितेत पिस्तूल जमा करण्यापूर्वी, गंज लागू नये म्हणून ते तेलाने अक्षरशः माखले होते. परत मिळाल्यावर ते तसेच वापरात राहिले आणि ऐन थंडीतल्या सकाळी सातपैकी दोन काडतुसे उडाली नाहीत. दोन्हींवर ठसा उथळ होता, आणि दुसऱ्या लॉटनेही तेच केले. परभणीकडच्या एका परवानाधारकाने मात्र काडतुसे पावसाळाभर चामड्याच्या पट्ट्यात ठेवली होती. पितळेवर हिरवट थर चढला होता आणि प्राइमरवरचा ठसा खोल व स्वच्छ होता. त्यांनी पिस्तूल दुरुस्तीला काढले होते. नव्या लॉटची काडतुसे झाडल्यावर ते एकदाही अडले नाही.

आपल्या हवेत हे दोन्ही दोष सहज उद्भवतात. उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ तेलाला चिकटते, हिवाळ्यात ते मिश्रण घट्ट होते, आणि पावसाळ्यात चामडे ओल धरून पितळ खाते. काडतुसे कोरड्या, झाकणबंद डब्यात ठेवावीत आणि पिनच्या मार्गात तेल सोडू नये.

तेव्हा खोल ठसा असेल आणि दोष एकाच लॉटपुरता असेल, तर काडतुसे बदलावीत. दोन लॉटमध्ये उथळ ठसा दिसला, तर घरी स्प्रिंग ताणण्याच्या फंदात न पडता शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्याच कारागिराकडे जावे, कारण 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार या व्यवसायालाही परवाना लागतो. न उडालेले काडतूस उघडू नये, ते परवानाधारक विक्रेत्याकडे सोपवावे. त्याआधी ठशाचे छायाचित्र काढून कारागिराला दाखवावे. वसमतच्या पिस्तुलाची पिन अशा कारागिराने बाहेर काढली, तेव्हा तिच्याभोवती काळ्या वंगणाचा थर गुळाच्या पाकासारखा चिकटलेला होता. तो पुसून पिन कोरडीच परत बसवली, आणि स्प्रिंग बदलावी लागली नाही.