अनियमित क्रियापदांचा सराव: परवचा, पत्ते की रोजनिशी?

तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागला की मुलांनी परवचा म्हणावा, ही रीत कोकणातल्या काही घरांत अजून टिकून आहे; फक्त पावकी-निमकीच्या जागी आता ‘गो, वेंट, गॉन’ ऐकू येते. दहावीच्या मुलासाठी, किंवा तारकर्ली-गुहागरकडे घरगुती निवास चालवताना पाहुण्यांशी इंग्रजीत बोलावे लागणाऱ्या मोठ्या माणसासाठी, सरावाची पद्धत निवडायची झाल्यास तीन पर्याय समोर येतात: इंग्रजी क्रियापदांच्या तीन रूपांच्या तक्त्याचे पाठांतर, पुढे प्रश्न नि मागे उत्तर लिहिलेल्या पत्त्यांची पेटी आणि रोजनिशीत लिहायची रोजची चार वाक्ये.

तक्त्याला खर्च नाही आणि रूपे जिभेवर लवकर बसतात. मात्र पुस्तकातला वर्णानुक्रम बाजूला ठेवून नादाप्रमाणे गट पाडावेत. सिंग-सँग-संग, रिंग-रँग-रंग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक हे एक घराणे. कट, पुट, शट ही मुळीच न बदलणारी मंडळी. ‘ब्रिंग’ पहिल्या घराण्यातला वाटतो, पण जातो ‘बाय-बॉट’च्या पंगतीला आणि ‘ब्रॉट’ होतो, म्हणून तो वेगळा घोकावा लागतो. पाठांतराची खरी उणीव अशी की ‘टेक’चे तिसरे रूप एकदम विचारले, तर मूल पहिल्यापासून म्हणू लागते.

ही उणीव पत्ते भरून काढतात. सेबास्टियन लाइटनर या लेखकाने १९७२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत बरोबर आलेला पत्ता पुढच्या, उशिरा उघडायच्या कप्प्यात जातो आणि चुकलेला पहिल्या कप्प्यात परततो, त्यामुळे वेळ नेमका कच्च्या रूपांवर खर्च होतो. मोबाईलवरील ॲप हेच काम करते. पण आषाढात वीज गेली की पेटीच बरी. माझे पहिले पत्ते एका पावसाळ्यात सादळून एकमेकांना चिकटले, तेव्हापासून ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतात.

तरीही मराठी माणसाची मोठी चूक रूपांत नसते, ती काळाच्या निवडीत असते. ‘त्याने काल पत्र लिहिले आहे’ हे मराठीत खटकत नाही. इंग्रजीत मात्र ‘यस्टरडे’ आला की ‘हॅज रिटन’ चालत नाही, ‘रोट’च हवे. ‘तो गेला नाही’ यात आपले क्रियापद भूतकाळीच राहते, म्हणून मूल ‘डिड नॉट वेंट’ लिहून मोकळे होते. वास्तविक ‘डिड’ने काळ दाखवून दिल्यावर ‘गो’ मूळ रूपातच राहतो. तिन्ही रूपे मुखोद्गत असलेला विद्यार्थीही येथे अडखळतो, कारण तक्ता आणि पत्ते हा प्रश्न विचारतच नाहीत. तो फक्त वाक्ये लिहिताना उभा राहतो. रोजनिशीची अडचण एकच, पण मोठी आहे: वाक्ये तपासणारे कोणी नसेल, तर चूकच पक्की होते.

निवड करण्यापूर्वी दहा क्रियापदांची तिसरी रूपे उलटसुलट क्रमाने विचारून पाहावीत. चारांहून अधिक चुकली, तर महिनाभर पत्ते आणि सोबत गटवार तक्ता घ्यावा. एरवी थेट रोजनिशी धरावी. निवास चालवणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून वाक्येच लिहावीत, कारण ‘आय हॅव बुक्ड युवर बोट यस्टरडे’ या वाक्यातले ‘बुक’ हे साधे नियमित क्रियापद आहे आणि चुकला आहे तो केवळ काळ.