शिकाऊ शेतावर आलेली डीएपीची गाडी

खरिपात डीएपी या खताची टंचाई सुरू झाली की गावोगाव बनावट खताच्या गाड्या फिरायला लागतात. आमच्या मावळातली गाडी थेट आमच्या शेतावर येऊन थांबली, त्याला कारण होतं. हे शेत कुणा एकाचं नाही. ग्रामपंचायतीच्या जागेत बचत गटाच्या बायका ते कसतात, शाळेची मुलं शिकायला येतात, लावणीच्या दिवसांत पुण्याची हौशी मंडळीही चिखलात उतरतात. इथे जे खत पडतं ते बघून वाडीतले लोक आपल्या खाचरात टाकतात. त्या माणसाला आमच्या पैशांपेक्षा ही पत हवी होती.

गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल, बोलणं गोड. एका नावाजलेल्या कंपनीचा माणूस म्हणून आला. "ताई, बचत गटांसाठी कंपनीची थेट योजना आहे. दुकानदाराचं कमिशन नाही, मशीनवर आधारचा अंगठा नाही. गोणी साडेबाराशेला." सरकारी दर १३५० रुपये. तालुक्याच्या दुकानात मात्र डीएपी मागितलं की सोबत कसलीतरी द्रवखताची बाटली गळ्यात मारत होते. याला लिंकिंग म्हणतात, ते बेकायदा आहे आणि दरवर्षी चालतं. राबातलं, म्हणजे रोपवाटिकेतलं, रोप लावणीला आलेलं, चिखलणी तोंडावर, अशा वेळी बाटलीशिवाय गोणी मिळतेय म्हटल्यावर बायकांचे डोळे लकाकले तर नवल नाही.

आता खरी चलाखी ऐका. चाचणीचा विषय आम्ही काढलाच नाही, त्यानंच काढला. "चुना आहे का कुणाकडे?" आज्जींनी कनवटीची डबी काढली. त्यानं गाडीतली एक गोणी फोडली, चार दाणे तळहातावर घेतले, चुना लावून तंबाखूसारखे मळले आणि मुलांच्या नाकाशी धरले. मुलं खोकत मागे सरली. खऱ्या डीएपीची खूण तीच. त्यात १८ टक्के नत्र (नायट्रोजन) असतं ते बहुतेक अमोनियाच्या रूपात, चुना लागला की तो वायू सुटतो आणि नाक झोंबतं. मग चुलीवर तवा ठेवायला लावला. मंद आचेवर दाणे फुलले. मुलांनी वहीत लिहून घेतलं. इतका छान तास आमच्याकडे क्वचितच कुणी घेतला असेल, हे आजही कबूल करावं लागतं. "ही फोडलेली गोणी शाळेला भेट," म्हणाला आणि मागणी लिहून घेतली. गटाची, आणि बघायला जमलेल्या शेतकऱ्यांचीही.

माल दुसऱ्या गाडीतून आला, संध्याकाळी, धो धो पावसात. उतरवायची घाई. खजिनदार वहिनींनी पावती मागितली तर त्यानं दिलेल्या कागदावर वर 'कोटेशन' छापलेलं. खत विक्रीच्या परवान्याचा क्रमांक नाही, लॉट क्रमांक नाही. "पक्कं बिल मोबाईलवर येईल." गटाचा चेक त्याला चालेना. क्यूआर कोड दाखवला, त्यावर नाव भलत्याच कुणाचं.

भेट मिळालेली गोणी बांधालगतच्या पहिल्या खाचरात गेली, बाकीच्यांत नवीन माल. भात सगळीकडे इंद्रायणीच, रोप एकाच राबातलं. पहिलं खाचर काळंभोर हिरवं झालं, बाकीची फिकट पिवळी. आठवडाभर सूर्य दिसला नव्हता, त्यामुळे दोष पावसावर गेला. फोन केला तर तोही म्हणाला, "ऊन पडू द्या ताई." पुढे फोन बंदच झाला.

चोरी पकडली ती सातवीतल्या एका मुलीनं. शाळेत नव्यानं आलेल्या मैत्रिणीला ती चुन्याची गंमत दाखवत होती, नव्या मालातल्या उरलेल्या गोणीतले दाणे घेऊन. "बाई, वासच येत नाही." तव्यावर टाकले तर खडीसारखे बसून राहिले. नखानं दाबले की भुगा. पाण्यात टाकल्यावर काळा रंग सुटला आणि तळाला माती बसली. वरची गोणी अस्सल छपाईची होती, फक्त शिवण हाताची होती आणि शेजारी जुन्या शिवणीची भोकं दिसत होती. वापरलेल्या गोण्या विकत घेऊन त्यात रंगवलेले मातीचे दाणे भरले होते.

दराचं गणित तर साधं आहे. डीएपीवरचं अनुदान कंपनीला मिळतं ते दुकानातल्या ई-पॉस मशीनवर शेतकऱ्याच्या आधारची नोंद झाल्यावर. नोंदीविना गेलेल्या गोणीवर अनुदान नाही, आणि अनुदानाशिवाय डीएपी या दरात कुणालाच परवडत नाही. अंगठा नको म्हणणारा माणूस एकतर चोरीचा माल विकतोय किंवा माती.

पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न, न फोडलेली गोणी आहे का? फोडलेल्या गोणीतला नमुना प्रकरणात टिकत नाही, त्यात तुम्हीच काही मिसळलं नाही कशावरून? नशिबानं वाडीतल्या एका मामांनी दोन गोण्या तशाच ठेवल्या होत्या. पंचनामा झाला, नमुना सीलबंद होऊन प्रयोगशाळेत गेला. अहवालात स्फुरद (फॉस्फरस), जे ४६ टक्के हवं, ते नावापुरतं निघालं. पोलिसांतही तक्रार दिली. ओळखपत्रावरच्या कंपनीनं असा माणूस आपल्याकडे नसल्याचं कळवलं. पैसे काही परत आले नाहीत.

पिकाचं सांगायचं तर युरियाचा हप्ता लवकर देऊन रंग सावरला, पण फुटवे कमीच राहिले. स्फुरद जमिनीत फारसं हलत नाही, ते चिखलणीच्या वेळी मुळाशी पडावं लागतं. मागाहून वरून टाकून ती वेळ भरून येत नाही. वाडीतल्या ज्या लोकांनी आमच्याकडे बघून गोण्या घेतल्या, त्यांच्या बांधावरून जाताना गटातल्या बायका अजून मान खाली घालतात. पैसे बुडाल्यापेक्षा हे जास्त लागलंय.

शेजारच्या तालुक्यातल्या एका गटाला हल्लीच असा फोन आलाय. बोलणं तेच, भेटीची एक गोणीही तीच, फक्त कंपनीचं नाव दुसरं. तुमच्या शेतीशाळेत, गटात किंवा आश्रमशाळेच्या शेतावर असा कुणी आला तर त्यानं फोडलेल्या गोणीवर जाऊ नका. उतरलेल्या ढिगातली तुम्ही निवडलेली गोणी त्याच्यासमोर फोडा आणि चुना तुमच्या हातानं मळा. गाडीच्या नंबराचा फोटो आधी काढा. संशय आला तर दोन गोण्या शिवण न उसवता बाजूला ठेवा आणि पंचायत समितीत त्याच दिवशी कळवा, कारण हे लोक एका गावात दुसऱ्यांदा येत नाहीत.