पोस्टग्रेसची कॉन्फिग फाइल: स्पीडसाठी काय बदलायचं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही

चार वर्षं पोस्टग्रेस रोज हाताळतोय. डेटाबेस म्हणून मला तो प्रचंड आवडतो, पण इथे लिहितोय ते फक्त त्याच्या सेटिंग्जबद्दल, कारण नवीन माणूस सगळ्यात जास्त तिथेच अडकतो आणि मीही तिथेच पोळलोय.

इन्स्टॉल केल्या केल्या तो हळू वाटतो हे खरंय. शेअर्ड बफर्स (डेटाची पेजेस ठेवायची पोस्टग्रेसची स्वतःची मेमरी) फक्त १२८ एमबी, वर्क मेम (क्वेरीतल्या सॉर्ट-हॅशसाठीची मेमरी) ४ एमबी, म्हणजे कितीही मोठं मशीन घ्या, हा आपला कोपऱ्यात बसून काम करणार. शेअर्ड बफर्सला रॅमच्या साधारण २५ टक्के द्या, उरलेली रॅम ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशला कामी येतेच. वर्क मेम मात्र जपून वाढवा, कारण ते कनेक्शनला एकदाच नाही तर क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला आणि हॅशला वेगळं लागतं, शंभर कनेक्शन एकदम आली की रॅम कधी संपली कळतही नाही. रँडम पेज कॉस्ट, म्हणजे डिस्कवरून इकडचं तिकडचं पेज वाचणं किती महाग धरायचं तो आकडा, ४ असतो, एसएसडी असेल तर १.१ च्या आसपास आणा. हे सगळं चुकलं तरी फार तर सर्व्हर हळू होईल किंवा पडेल, डेटा जाणार नाही.

डेटा जातो तो एफसिंक नावाचं सेटिंग बंद केल्यामुळे. कमिट केलं, म्हणजे बदल पक्का केला, की पोस्टग्रेस आधी वॉलमध्ये म्हणजे त्याच्या नोंदवहीत लिहितो आणि डिस्कला सांगतो की हे खरंच उतरव, मगच हो म्हण, आणि तेवढा वेळ थांबतो, यालाच एफसिंक म्हणतात. छोटे छोटे इन्सर्ट असतील तर सगळा वेळ या थांबण्यातच जातो. एका रात्री मोठं इम्पोर्ट चालू होतं, संपता संपेना, म्हणून मी अल्टर सिस्टिमने, म्हणजे सेटिंग बदलायच्या एसक्यूएल कमांडने, एफसिंक ऑफ केलं, इम्पोर्ट झरझर झालं आणि परत ऑन करायचं राहून गेलं. अल्टर सिस्टिमची नोंद वेगळ्या ऑटो कॉन्फिग फाइलमध्ये जाते आणि तीच वरचढ ठरते, त्यामुळे नंतर टीममधल्या एकाने मुख्य फाइल उघडून बघितली तेव्हा त्याला तिथे ऑनच दिसलं. दीड महिन्याने पॉवर गेली. सर्व्हर परत चालू झाला, लॉगमध्ये रिकव्हरी झाल्याचंही आलं, पण पूर्ण टेबल चाळलं तर ऑर्डर दिसायची आणि इंडेक्सवरून शोधली तर नाही, काही ठिकाणी तर एकच प्रायमरी की दोनदा. शेवटी बॅकअप रिस्टोअर केला आणि नऊ तासांच्या नोंदी गेल्या, त्या आम्ही लोकांना फोन करकरून परत मिळवल्या. ते फोन मी विसरलेलो नाही.

त्या रात्री हजार हजार इन्सर्ट एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधले असते किंवा सरळ ढीगभर डेटा एकदम भरणारी कॉपी कमांड वापरली असती तरी काम झालं असतं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिंक्रोनस कमिट ऑफ करता आलं असतं, मग कमिट डिस्कसाठी थांबत नाही, वॉल मागाहून उतरतो. लोक ही दोन्ही सेटिंग्ज एकच समजतात पण फरक जमीन-अस्मानाचा आहे. सिंक्रोनस कमिट ऑफ असताना पॉवर गेली तर शेवटची काही कमिट जातात, वॉल रायटर डिले (वॉल किती वेळाने डिस्कवर उतरवायचा ते) २०० मिलिसेकंद असतो आणि जास्तीत जास्त त्याच्या तिप्पट वेळातलं काम हरवू शकतं, पण जे उरतं ते शाबूत असतं, टेबल आणि इंडेक्स एकमेकांशी जुळलेले असतात. शिवाय हे प्रत्येक ट्रान्झॅक्शनला वेगळं ठरवता येतं! पेमेंटची नोंद पक्की आणि कोणी कुठलं पेज बघितलं त्याचा लॉग सैल, एकाच सर्व्हरवर. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबी स्टोरेज इंजिनमध्येही साधारण सेकंदाला एकदा डिस्कवर उतरवायची सोय आहे पण ती अख्ख्या सर्व्हरला लागू होते. माझ्यासाठी पोस्टग्रेस निवडायला हे एक कारण पुरेसं आहे.

फुल पेज राइट्सही बंद करू नका. चेकपॉइंटनंतर, म्हणजे बदललेली सगळी पेजेस ठरावीक वेळाने डिस्कवर उतरवल्यानंतर, एखादं पेज पहिल्यांदा बदललं की हे सेटिंग ते पूर्ण पेज वॉलमध्ये लिहितं. ८ केबीचं पेज लिहिता लिहिता पॉवर गेली तर अर्धं जुनं अर्धं नवं राहतं, ते वॉलमधल्या त्या पूर्ण पेजमधूनच दुरुस्त होतं. त्यामुळे वॉलमध्ये फार लिहिलं जातंय वाटत असेल तर चेकपॉइंट कमी वेळा होऊ द्या: मॅक्स वॉल साइज १ जीबीवरून वाढवा आणि चेकपॉइंट टाइमआउट ५ मिनिटांवरून १५ वर न्या, क्रॅशनंतर उठायला वेळ आणि वॉलला डिस्कवर जागा जास्त लागेल, बाकी काही नाही.

तक्रार एकच. एफसिंकच्या शेजारी कमेंट आहे की हे बंद केलं तर डेटा दुरुस्त होणार नाही इतका खराब होऊ शकतो, पण ती फाइल उघडणाऱ्यालाच दिसते, अल्टर सिस्टिम वापरणाऱ्याला नाही. आता आमचं मॉनिटरिंग रोज सकाळी चालू सर्व्हरलाच विचारतं की एफसिंक काय आहे, फाइल वाचत नाही.

आणि डिस्क तपासा, कारण डिस्कच खोटं बोलत असेल तर एफसिंक ऑन असूनही उपयोग नाही. पोस्टग्रेससोबत पीजी टेस्ट एफसिंक नावाचं टूल येतं. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० वेळाच फिरते, ती जर सेकंदाला हजारो एफसिंक दाखवत असेल तर डेटा मध्येच कुठल्यातरी कॅशमध्ये बसलाय, आणि त्या कॅशला बॅटरी आहे का ते बघायलाच हवं. एसएसडी घेताना पॉवर गेल्यावर कॅश उतरवणारे कपॅसिटर असलेलीच घ्या. आमच्याकडची एक अशी संशयास्पद डिस्क निघाली, तिच्यावर आता फक्त टेस्टचा डेटा असतो.