गॅरेजात गाडीवर गाडी: लातुरात पार्किंग लिफ्ट वापरल्यानंतर

घरच्या गॅरेजात लिफ्ट बसवू का, असं विचारणाऱ्याला मी आधी उलटा प्रश्न करतो: तुमच्या दोन गाड्यांपैकी रोज न निघणारी कोणती? लगेच उत्तर आलं तरच पुढचं वाचा.

आमच्या गल्लीत क्लासेस, मेस आणि मुलांच्या खोल्या एवढ्या झाल्यात की रस्त्यावर चारचाकी लावायची सोय उरली नाही. लातूर पॅटर्नचं कौतुक महाराष्ट्रभर होतं, पार्किंगचा त्रास आमच्या वाट्याला. जूनमध्ये पालक पोरांना सोडायला आले की गेटसमोरच गाडी. घरात दोन गाड्या, गॅरेज एकीचं. अंगणाखाली पाण्याचा हौद असल्याने तिकडे काही उभारायचा प्रश्नच नव्हता. म्हणून दिवाळीआधी दोन खांबांची हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर उचलणारी, लिफ्ट घेतली. वर डिझायर, खाली वॅगनआर.

गणित सगळं उंचीचं आहे. वॅगनआर साधारण साडेपाच फूट, डिझायर पाच, मध्ये प्लॅटफॉर्मची जाडी आणि थोडी मोकळी जागा. बारा फुटांच्या आत काही जमत नाही. आमच्या गॅरेजवर दहा फुटांवर पत्रे होते, ते काढून अँगल वाढवले आणि तेरा फुटांवर नेले. स्लॅब असता तर मी हा नादच सोडला असता. बोलेरोसारखी उंच गाडी असेल तर हिशोब आणखी वर जातो.

मशीनपेक्षा जास्त विचार जमिनीचा करावा लागला. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टाकलेली फरशी हलते, मग खांब कसे सरळ राहणार? काळी माती खोदून पक्क्या मुरमापर्यंत गेलो, वर मुरूम भरून थराथराने पाणी मारून दाबला आणि त्यावर लोखंडी जाळीचं काँक्रीट घातलं. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला 28 दिवस धरतात. फिटर आठवड्यातच बोल्ट मारायला निघाला होता, मी त्याला परत पाठवलं. ह्या बाबतीत कुणाची घाई ऐकू नका. पावसाळा अर्धा झालाय, खांबांना ओळंबा लावून पाहिला, फरक नाही.

आईचा विरोध वेगळ्याच कारणाने होता. "डोक्यावर गाडी टांगायलास का रे?" 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट ज्यांनी पाहिली, त्यांच्या घरात हा प्रश्न येणारच. म्हणून नीट समजून घेतलं. गाडी वर गेल्यावर तिचा भार तेलावर राहत नाही, खांबातल्या लोखंडी खाचांवर बसतो. उतरवताना मोटर प्लॅटफॉर्म थोडा वर उचलते, खाच सुटते, मग तो हळूहळू खाली येतो. तेलाची नळी फुटली तरी खाचेवर बसलेली गाडी खाली येत नाही. भूकंपाबद्दल मात्र विक्रेत्याकडून पटेल असं काही ऐकायला मिळालं नाही. आमच्यापुरता नियम केला: वर गाडी असताना खाली कुणी रेंगाळायचं नाही, लहान पोरांना तर गॅरेजात बंदी, आणि पॅनलची चावी कपाटात.

आता रोजचा वापर. वरची जागा म्हणजे अर्धीच जागा, हे मनाशी पक्कं धरा. वरची गाडी काढायची तर खालची आधी बाहेर, तीही दुचाकी उभ्या असलेल्या त्या गल्लीत. मी वॅगनआर घेऊन सकाळी औशाला जातो. डिझायर धाकट्या भावाची, ती शनिवार-रविवारी निलंग्याला शेतावर जाते. त्यामुळे आमचं निभावतं. दोघंही सकाळी नऊला निघणारे असते तर महिन्याभरात घरात भांडणं लागली असती. दोन्ही गाड्यांच्या चाव्या दाराजवळ एकाच खिळ्याला, हा नियम बायकोने घातला आणि तोच सगळ्यात कामाचा ठरला.

वीज हा कच्चा दुवा. आमची मोटर सिंगल फेजवर चालणारी. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी कूलर सुरू झाले की व्होल्टेज पडतं, मोटर नुसती घुमते. तेव्हा जबरदस्ती करायची नाही, जळते. लाइट गेली तर हातपंपाने प्लॅटफॉर्म जरासा उचलून गाडी उतरवता येते, पण घाम निघतो. घरच्या इन्व्हर्टरचा इथे उपयोग नाही. म्हणून दवाखान्याची वेळ येऊ शकेल अशा घरात रात्री खालची गाडी कायम निघण्याजोगी ठेवा, पेट्रोलसकट.

पावसाळ्यात एक गोष्ट कळली जी कुठल्याच माहितीपत्रकात नव्हती. शेतावरून आलेली गाडी वर चढवली की चिखलाचं पाणी खालच्या गाडीच्या टपावर ठिबकतं. काळ्या मातीचा राडा तो, वाळला की खरवडावा लागतो. वेल्डरकडून प्लॅटफॉर्मखाली पत्र्याचा उतरता पन्हाळ करून घेतला, पाणी मागच्या नालीत जातं. उन्हाळ्यात उलट: पत्र्याखालची वरची गाडी भट्टी होते. बाहेरून पांढरा रंग दिल्यावर फरक पडला, फार नाही.

मशीन, पाया आणि शेड मिळून जे गेले त्यात साधी सेकंडहँड गाडी आली असती. तरी भाड्याने जागा घेण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, कारण ती जागा घरापासून लांब आणि रात्री राखण नाही.

घेणार असाल तर सर्व्हिसिंगचं आधी बोला. आमच्याकडे माणूस पुण्याहून येतो. साखळीचं ग्रीसिंग आम्हीच करतो, तेल आणि सील त्याच्याकडे. त्याच्या जाण्यायेण्याचा खर्च कोण देणार, हे सहीआधी कागदावर लिहून घ्या. आम्ही लिहून घेतलं होतं, म्हणून सील बदलायला फक्त सीलचेच पैसे लागले.