जुन्या दोस्तांसोबत: दिवाडी की हॅवलॉक?

समुद्रात डुंबायचंच असेल तर सरळ अंदमानचं हॅवलॉक गाठा (२०१८पासून नाव स्वराज द्वीप). राधानगरसारखा किनारा दुसरा दाखवून द्या! जेवणात बंगाली हात जाणवतो, कारण पूर्व बंगालातून आलेली निर्वासित कुटुंबं इथे वसली. पण आधी विमान, मग बोट. सगळ्यांच्या रजा जुळवता जुळवता दोघे-तिघे गळतातच.

गोव्यातल्या दिवाडीला पुळण नाही. मांडवीतलं बेट, रायबंदरहून फेरीबोटीत बसलं की पोहोचलात. भातशेती, पिएदादची टेकडी, जुनी घरं. दुपारी हुमण (माशांचं कालवण) नि भात, रवा लावून तळलेले बांगडे, रात्री शागुती (मसालेदार रस्सा) आणि पोई (गोव्याचा पाव). बघण्यासारखं फार नाही, म्हणूनच गप्पा रंगतात. ऑगस्टमधल्या बोंदेराम उत्सवाला मात्र गर्दी उसळते, तो दिवस टाळा. माझं मत दिवाडीला. फेणी कुणी आणायची तेवढं आधी ठरवा.