‘काका, अंगठा जुळत नाही, पुन्हा ठेवा’

केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झाल्यापासून दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्याचे काम मी न चुकता करत आलो आहे. 2014 मध्ये ‘जीवन प्रमाण’ या डिजिटल हयातीच्या दाखल्याची सोय सुरू झाल्यावर बँकेत जाऊन सही करण्याची गरज उरली नाही, आणि तालुक्याच्या गावातील ऑनलाइन सेवा केंद्रात अंगठा ठेवून दाखल्याची छापील प्रत घ्यायची, असा माझा शिरस्ता पडला. गेल्या नोव्हेंबरात या शिरस्त्यापायी माझे 20,000 रुपये गेले.

त्या दिवशी केंद्रात गर्दी होती. चालकाने आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक आणि बँकेचे नाव विचारले. मोबाइलवर आलेला ओटीपीही मी सांगितला. दाखल्यासाठी हे सारे लागतेच, त्यामुळे शंका येण्याचे कारण नव्हते. मग त्याने अंगठ्याचे यंत्र पुढे सरकवले. ‘काका, अंगठा जुळत नाही. वयामुळे रेषा झिजतात, पुसून पुन्हा ठेवा,’ असे तो दोनदा म्हणाला. मीही रुमालाने बोट पुसून निमूटपणे पुन्हा ठेवले. तिसऱ्या वेळी दाखला निघाला, त्यावर प्रमाण आयडी, म्हणजे दाखल्याचा क्रमांक, छापलेला होता आणि तो दाखला खराही होता. संगणकाचा पडदा मात्र सगळा वेळ चालकाकडे तोंड करून होता.

बारा दिवसांनी पासबुक भरून घेतले, तेव्हा त्याच तारखेला दहा-दहा हजारांच्या दोन रकमा आधारद्वारे काढल्याच्या नोंदी दिसल्या. बँकेचे संदेश माझ्या बंद पडलेल्या जुन्या क्रमांकावर जात होते, ही चूक माझी. पण आधारशी जोडलेल्या खात्यातून पैसे काढायला बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि अंगठा एवढेच पुरते, ओटीपी लागत नाही, हे मला ठाऊकच नव्हते. एका व्यवहाराची कमाल मर्यादा 10,000 रुपये आहे. अंगठा दोनदा का ‘जुळला नाही’, ते मला तेव्हा उमगले.

पुतण्याने आधारच्या संकेतस्थळावरून माझ्या प्रमाणीकरणाचा इतिहास, म्हणजे माझी ओळख आधारने कधी-कोठे पडताळली गेली याची यादी, काढला. मागील सहा महिन्यांतल्या नोंदी तेथे वेळेसह पाहता येतात. त्या सकाळी काही मिनिटांच्या अंतराने माझा अंगठा तीनदा लागला होता आणि तिन्ही वेळा तो बिनचूक जुळला होता. पहिल्या दोन नोंदी बँकेच्या होत्या, तिसरी दाखल्याची.

पूर्वी कागदावर अंगठा उठवण्याआधी निदान कोणाकडून तरी तो कागद वाचून घेता येत असे. या यंत्राच्या काचेवर मात्र आपण कशाला संमती देतो आहोत, हे कोठेच लिहिलेले नसते. त्याच काचेवर दाखलाही निघतो आणि पैसेही निघतात. म्हणून पडदा आपल्याकडे वळवायला लावल्याशिवाय बोट ठेवू नये, आणि ‘जुळले नाही’ असे सांगितले तर त्याचा संदेश पडद्यावर स्वतः वाचावा. चालकाला राग आला तर येऊ द्यावा.

मी आता एम-आधार ॲपमधून बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याचे ठसे वगैरे, कुलूपबंद केले आहे. गरज पडल्यास ते दहा मिनिटांपुरते उघडता येते. खरे तर केंद्रात जाण्याचीही आवश्यकता नव्हती, कारण 2021 पासून हा दाखला मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून घरबसल्या काढता येतो.

1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आणि बँकेलाही लेखी कळवले. परंतु अशा प्रकरणात तीन कामकाजी दिवसांच्या आत कळवणाऱ्या ग्राहकाला नियमांचे जे संरक्षण मिळते, ते बारा दिवसांनी जाणाऱ्याला सहजी मिळत नाही. ‘अंगठा तुमचाच आहे, व्यवहार वैध दिसतो,’ असे बँकेचे पहिले उत्तर आले. त्यावर मी प्रमाणीकरणाच्या इतिहासाची प्रत आणि दाखल्याची प्रत, दोन्हींवरच्या वेळांवर खूण करून जोडली आहे. दुसरे उत्तर अद्याप आलेले नाही.