वांद्र्याच्या दुकानातली कापशी

वांद्र्याला पाली नाक्याच्या मागच्या गल्लीत एक चपलांचं दुकान उघडलंय. मालकीण नेदरलँड्सची, तिशीतली. माल कोल्हापूरकडचा. मार्चमध्ये मी तिथून एक जोड घेतला, अडीच महिने वापरला आणि नंतर पुन्हा जाऊन भांडूनही आले. सगळं सविस्तर लिहिते, कारण हा माल माझ्या घरचा आहे. माझे आजोबा सेनापती कापशीला पायताण करायचे, कापशी चपलेला नाव मिळालं ते हेच गाव. वडील गिरणीत लागले म्हणून आम्ही लालबागचे झालो. चुलतभाऊ अजून तिकडेच आरी-रापी धरून आहे.

आधी चप्पल. मी पहिल्यांदा तळ उलटा करून पाहिला. खिळा कुठेच नाही, नुसतं चिकटवून भागवलेलं नाही, थर चामड्याच्या वादीने शिवलेले आणि टाके एकसारखे. मग नाकाशी धरली. दुकानातली पोरगी म्हणाली, "काकू, वास कशाला घेताय?" बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेल्या कातड्याला एक तुरट वास असतो, तो क्रोमच्या रसायनात कमावलेल्या चामड्याला येत नाही. इथे तो होता. कान, म्हणजे तळाच्या कडेचे चामड्याचे पदर, पातळ. वेणी बारीक आणि घट्ट. जोडावर क्यूआर कोड आहे, लिडकॉमने म्हणजे राज्य सरकारच्या चर्मोद्योग महामंडळाने २०२५ मध्ये सुरू केलेला. तो बघाच. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर नि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर या आठच जिल्ह्यांतल्या चपलेला ते नाव लावता येतं. मुंबईत रेक्झिनचे पट्टे बिनदिक्कत कोल्हापुरी म्हणून विकतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

घरी आणून रात्री एरंडेल चोळून ठेवली. चार दिवस अंगठ्याशी लागली, पाचव्या दिवशी पायाची झाली. लालबाग ते परळ रोज चालते, तळ अजून सरळ आहे. पावसात मात्र घालू नका. मी जून लागताच कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवली.

किंमत ५,४०० रुपये. हा आकडा वाचून मी तिथेच भावाला फोन लावला. त्याला तसल्याच जोडाचे व्यापारी ४५० देतो, तेही उधारीवर. गणपतीचे पैसे दिवाळीला, दिवाळीचे कधी संक्रांतीला. हा व्यापारी कुणी परदेशी नाही, आपल्याच जिल्ह्यातला आहे. मालकीण समोरच होती. मी तिला सरळ विचारलं, करणाऱ्याच्या हातात किती पडतात? तिने वही काढून समोर ठेवली. एका जोडाला १,३५०. निम्मे ऑर्डर देताना, उरलेले माल पोचल्यावर आठ दिवसांत. आणि वेणीचे १६० वेगळे, घरातल्या बाईच्या नावावर, तिच्याच बँक खात्यात.

हे ऐकून मी खाली बसले. माझ्या चुलतीने जन्मभर वेण्या वळल्या. बोटांना भेगा पडायच्या, त्यात ती मेण भरायची. तिच्या कामाचा वेगळा पैसा कुणी कधी मोजला नाही, आम्हीसुद्धा नाही. तो मोजायला नेदरलँड्सहून बाई यावी लागली. त्याबद्दल मी तिचे मनापासून आभार मानले.

उरलेले पैसे कुठे जातात हेही तिने सांगितलं. वांद्र्याचं भाडं, दोन मुलींचे पगार, २,५०० च्या वरच्या चपलेवरचा १८ टक्के जीएसटी. मला ते पटलं.

पटलं नाही ते पुढचं. मी कारागिरांशी केलेला करारनामा बघायला मागितला. तिने दिला, लपवालपवी केली नाही. सहा पानं, सगळी इंग्रजीत. मी अठ्ठावीस वर्षं कचेरीत कागदच वाचले, त्यामुळे सवयीने शेवटून सुरुवात केली. पाचव्या पानावर लिहिलं होतं की दुकानासाठी बनवलेली नक्षी कारागिराने दुसऱ्या कुणालाही विकायची नाही, काम सोडल्यावरही दोन वर्षं नाही. नक्षीवरचा हक्क दुकानाचा. नक्षी कुठली, तर दुहेरी कान, मध्ये बारीक वेणी, पुढे लहान गोंडा. खाली कारागिराची मराठीत सही. त्याला ते पान कुणी वाचून दाखवलं होतं का, या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं.

परदेशी माणसाने इथे धंदा करू नये, असं मी म्हणत नाही. फॅबइंडिया १९६० साली जॉन बिसेल नावाच्या अमेरिकन माणसानेच काढली. पुढे त्या कंपनीने कारागिरांना भागधारक करून घेणाऱ्या कंपन्या उभ्या केल्या, आणि २०२२ मध्ये शेअर बाजारात उतरायचं ठरलं तेव्हा प्रवर्तकांनी आपले सात लाखांहून जास्त शेअर कारागीर आणि शेतकऱ्यांना द्यायचं जाहीर केलं. ती विक्री २०२३ मध्ये मागे घेतली, ते वेगळं. पण माल करणारा धंद्याचा वाटेकरी होऊ शकतो, एवढा विचार तिथे झाला होता. उलट प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने २०२५ च्या जूनमध्ये मिलानला आपलीच चप्पल मंचावर आणली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. इथून ओरड झाल्यावर कबुली दिली, आणि डिसेंबरमध्ये लिडकॉम आणि कर्नाटकचं तसंच महामंडळ लिडकर यांच्याबरोबर करार केला. या बाईने पहिल्या दिवसापासून कोल्हापूरचं नाव लावलंय, दामही चांगला देते. म्हणून तर ते पाचवं पान मला जास्त लागलं. उद्या तिने दुकान बंद करून घरचं विमान पकडलं, तर कारागिराला स्वतःच्या आज्याची नक्षी दोन वर्षं शिवता येणार नाही. मग त्याने खायचं काय?

जुलैत परत गेले, आजोबांचा जोड घेऊन. तो आमच्याकडे पितळी डब्यात असतो. पंचाहत्तर वर्षांचा तरी असेल, कातडं काळं पडलंय, एक गोंडा गेलाय. काउंटरवर तिच्या चपलेशेजारी ठेवला. दुहेरी कान, मध्ये बारीक वेणी. ती बराच वेळ काही बोलली नाही. कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली की करारनामा वकिलाकडून तयार आला होता, ते कलम दुसऱ्यांनी माल चोरू नये म्हणून असतं असं तिला सांगितलं होतं, आणि ते कारागिरावरच उलटतं हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. माझा तिच्यावर विश्वास बसला. पण सही त्या माणसाची होऊन गेलीय, आणि कागदावर लिहिलंय तेच खरं धरतात.

तिने दिवाळीपर्यंत मुदत मागितली. कलम काढायचं, मराठी प्रत करायची, ती कारागिराच्या दारात बसून वाचून दाखवायची. चपलेला लावलेल्या चिठ्ठीवर नुसत्या हातांचा फोटो आहे, तिथे करणाऱ्याचं नाव-गावही टाक म्हटलं, तेही कबूल केलं. दुकानाचं नाव मी इथे लिहीत नाही ते याचसाठी. तोवर तुम्ही गेलात तर चप्पल डोळे मिटून घ्या, आपल्या नेहमीच्या मापाचीच घ्या, सैल नको. आणि ही कुणी केली, एवढं काउंटरवर विचारा. आपल्या ओळखीच्या मराठी दुकानातही विचारा.

माझ्या दुसऱ्या जोडाचं माप तिने घेऊन ठेवलंय. पैसे अजून दिलेले नाहीत. भाऊबीज झाली की जाणार आहे, डबा बरोबर घेऊन.